माझ्या पोस्टरपुढून बाजूला हो

"हा ट्रे धर. पाहुण्यांना चहा दे."

विभागप्रमुख सर मला सांगत होते. कँटीनवाल्या पोराला नाही. मला. मी ऑनर्सच्या तिसऱ्या वर्षाला. विषय ध्रुवप्रदेश आणि महासागर. मुळशीच्या डोंगरातलं खासगी विद्यापीठ. त्या दिवशी परदेशातून एक शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या आणि व्हरांड्यात आमची पोस्टरं लावली होती.

"सर, माझं पण पोस्टर आहे."

"ते सानिका सांगेल. तुझं इंग्रजी त्यांना कळायचं नाही. तुम्हा लोकांना सेवेची सवय असते. आई आहेच इथं, दोघी मिळून उरका."

दोन-तीन पोरं हसली.

आई तिथंच होती, थर्मासपाशी. कँटीनच्या ठेकेदाराकडे कामाला. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, गावापासून तोडलेली आमची वस्ती. गावात आईच्या हातचं पाणी अजून कुणी घेत नाही. इथं तिचा चहा चालतो, कारण कँटीनवालीचं आडनाव इथं कुणी विचारत नाही. माझं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"धर गं," आई हळूच म्हणाली. "सायेब सांगत्यात."

मी ट्रे धरला. हो, धरला. कप वाटले.

वाटता वाटता माझ्या पोस्टरपाशी पोचले. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकतो. ते जड खारं पाणी तळाला जातं आणि तिथून दूरदूरचे समुद्र हलतात. सगळा पावसाळा मी उपग्रहाची चित्रं बघत काढला होता, डोळे चुरचुरेपर्यंत. सानिका, पुण्याजवळच्या सूसहून स्वतःच्या गाडीनं येणारी माझ्या वर्गातली, बाईंना सांगत होती, "धिस इज माय वर्क."



मी ट्रे टेबलावर आपटला. चहा सांडला.

"सानिका, बाजूला हो. हे माझं आहे."

आणि बोलायला लागले. तुटक इंग्रजीत. अडखळले, शब्द चुकले, थांबले नाही. बाईंनी प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. त्यांनी पुढचा विचारला. सर बाईंकडे बघून हसत, मला मराठीत म्हणाले, "दाखवलीस लायकी."

"तुमची दिसली, सर."

आईनं डोळे मिटून घेतले.

त्याच आठवड्यात ठेकेदारानं आईला काढलं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सगळ्या विभागासमोर माफी माग. आईला परत घ्यायला सांगतो."

घरी आई म्हणाली, "माग की माफी. काय झिजणार हाय तुजं? तुज्या बर्फानं माजी चूल इझवली."

आता ती एका फार्महाऊसवर भांडी घासते. माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

पण माफी मागितली नाही. मागणारही नाही.

चौथ्या वर्षाचा प्रबंध याच सरांपुढं मांडायचा आहे. ते खोट काढतील, मार्क कापतील. दुसऱ्या विभागात जा, असं आताच सुचवून झालंय त्यांचं. अंटार्क्टिका मला कधी दिसेल का, ठाऊक नाही. मी विभाग सोडावा एवढीच सरांची इच्छा आहे.

मी सोडणार नाही.