काविळीची माळ

लई वर्सांमागं घरात मी, सासूबाई, जाऊ कमल आन् माझी लेक शेवंता, एवढ्याच व्हतो. आज शेजारच्या पोराच्या गळ्यात काविळीची माळ दिसली, आन् सगळ्या आठवल्या.

त्या साली आमच्या आळीत घरोघरी पोरांचे डोळे पिवळे झालते. सासूबाई म्हणल्या, "पोरांना व्हतीच गं कावीळ. गळ्यात माळ घालू, ती लांबली की कावीळ उतरली समज." बाकीची पोरं बरी होऊन खेळाया लागली. शेवंताची माळबी लांबत बेंबीपर्यंत आली. कमल म्हणली, "बघ की, राणीहार झाला!" पण पोर बरळाया लागली, आन् गेली.

आता सासूबाई आन् कमल, दोघीबी नाहीत. शेवंता कशी हसायची, हे कुणाला इचारू?

तुमच्या पोराचे डोळे पिवळे दिसले, तर माळ खुशाल घाला, पण आधी त्याला दवाखान्यात न्या.