आज ग्रिडवर आमचा नंबर लागला

मंडळी, आज कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितोय.

माझी पुतणी दुसरीत आहे. गेल्या वर्षापासून तिच्या पायातली ताकद कमी होत चाललीय. तिसगावहून नगर, नगरहून पुणे, सगळीकडे दाखवून झालं. शेवटी डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितली.

मी नगरला जनुकांच्याच अभ्यासाचं काम करतो. अशा तपासणीतून निघणारा एवढा डेटा आमच्या एका कॉम्प्युटरला झेपत नाही. म्हणून तो ग्रिडवर टाकतात, म्हणजे निरनिराळ्या संस्थांचे कॉम्प्युटर जोडून सगळे मिळून वापरतात. तिथेही रांग असतेच. वहिनी सारखा फोन करायच्या, "भावजी, लागला का वो नंबर?" मलाही वाटायचं, एकदा नंबर लागला की सुटलो.

आज सकाळी निकाल आला. जनुकातला बिघाड सापडला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "निदान बरोबर आहे. पण यावर अजून उपचार नाही."

मी वहिनींना फोन केला. "सापडलं," एवढंच म्हणालो, तर त्या आनंदानं रडायलाच लागल्या.

"आता कळलंय म्हनल्यावर औषध चालू करतील ना? पोरीला कधी घिऊन येऊ?"

"संध्याकाळी घरी येतो, मग बोलू," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता तिसगावच्या एसटीत बसलोय. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर सांगा, घरात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोललात?