शेवटच्या कडव्यातलं नाव

तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्यावर बोटांना जो हिरवट, किंचित तुरट वास राहतो तो साबणानं जात नाही. दिवस कलला की आपल्या मर्जीनं जातो. अमरावतीच्या आमच्या घरामागे, पौषातल्या कोवळ्या उन्हाला पाठ देऊन मी शेंगांतले दाणे, सोले, काढत बसले होते, आणि मायवरच्या गाण्याची पहिली ओळ त्या वासातूनच आली. मायला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं.

माझी गाणी अशीच येतात, शब्दांच्या वाटेनं आणि फार सावकाश. ओळ आली की मी तिला लगेच कागदावर बसवत नाही. शाळेत जाता-येता, भाकरी थापताना, मुलींचे पेपर तपासताना ती मनात फिरवत राहते. पोकळ असली तर ती आपोआप गळून पडते, आणि टिकली तर तिच्यामागून दुसरी येते. कडवं पुरं होईस्तोवर बाहेरचं ऊनही बदललेलं असतं. माझा थोरला भाऊ सुधाकर अकोल्याला असतो. त्याची गायनपार्टी आहे. जयंतीला, मंगलप्रसंगी, मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला लोक त्याला दूरदूरहून बोलावतात. त्याची रीत अगदी उलटी. तो पेटी पुढ्यात ओढतो, डोळे मिटतो आणि बिनशब्दांची चाल नुसत्या ‘ना ना रे’वर गात सुटतो. ती जमली की मला फोन येतो: इतक्या अक्षरांची ओळ पाहिजे, शेवटी ‘आ’कार पाहिजे, संध्याकाळपर्यंत दे. मराठी शिकवणारी मी, रिकाम्या डब्यात धान्य भरावं तसे त्याच्या चालीत शब्द भरत आले. खोटं कशाला बोलू, त्यात सुखही होतं. त्याची चाल माझ्या शब्दांना अशा ठिकाणी नेऊन सोडायची, जिथं मी एकटी कधी पोचले नसते.

आमच्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. श्रोते त्या नावाची वाट पाहत असतात. ते आलं की माना डोलतात, आणि गाणं कुणाचं याचा निवाडा तिथंच होऊन जातो. आमच्या गाण्यांत त्या जागी कायम सुधाकर. शेवटचं कडवं मी पाहून घेतो, असं तो म्हणायचा, आणि पाहून घ्यायचा. असं कधी ठरलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. विचारलं ते एकट्या मायनं. तिला वाचता येत नव्हतं, पण गाणं शेवटपर्यंत ऐकता यायचं. एका जयंतीला, कार्यक्रमाहून परतताना रिक्षात ती म्हणाली, “तुहं नाव कुठं हाय त्याच्यात?” मी हसून म्हटलं, “राहू दे ना माय, घरातलंच त हाय.” ती रस्त्याकडे पाहत राहिली.

म्हणून मायच्या गाण्याचं शेवटचं कडवं मी सोडलं नाही. ‘कुसुम म्हणे, माय गेली, वास हाती राहिला’ अशी ती ओळ. शाळेच्या हजेरीपटाबाहेर स्वतःचं नाव मी पहिल्यांदाच असं लिहिलं, आणि लिहिताना मला चक्क लाज वाटली. दादाला पाठवलं. त्यानं फोनवर नुसतं ‘झकास’ म्हटलं आणि चाल लावायला घेतली.

माघातला स्मृतिदिन अकोल्यात, त्याच्या अंगणातल्या मंडपात झाला. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यांचा वास, फोटोतली माय जराशी अवघडलेली. त्रिशरण-पंचशील झालं आणि दादा गायला बसला. चाल विलक्षण होती. सोल्यांच्या ओळीवर त्यानं स्वर असा खाली आणला की माझ्याच शब्दांनी मला रडवलं. मग शेवटचं कडवं आलं. मी पदर सावरून बसले, आणि त्यानं वरच्या स्वरावर जाऊन म्हटलं, ‘सुधाकर म्हणे’. माना डोलल्या. शेजारची नात्यातली बाई डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणाली, “भावानं मायसाठी काय गाणं लिवलं वो.” मी मान हलवली.

जेवणं झाल्यावर, नळाशी हात धुताना मी त्याला गाठलं. “दादा, माहं नाव काहून काढलं?”

तो दचकलासुद्धा नाही. हात पुसत, शिष्याला समजावतो तसा म्हणाला, “काढलं नाही वं. तुहं नाव सुरात बसतच नाही. तिन्ही अक्षरं आखूड, थांबाले जागा कुठं हाय? सुधाकर म्हटलं का ‘धा’वर मस्त लांबता येते. मी त चाल शेवटापासूनच बांधतो. आधी नावाची ओळ, मंग मागचं समदं.”

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, आणि हेच मला गिळवेना. परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर मागं पडून दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या लागल्या तेव्हा, खिडकीकडे तोंड करून मी ती ओळ माझ्या नावानं गाऊन पाहिली. त्याचं खरं होतं; ‘कुसुम’ त्या स्वरावर उभंच राहत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की त्याच्याकडे चाल आधी येते आणि माझ्याकडे शब्द, एवढाच आमच्यात फरक. वर्गात मुलींना मी हे कौतुकानं सांगतही असे. त्याची चालही आधी नव्हती. आधी त्याचं नाव होतं, आणि माझे सगळे शब्द त्या नावापर्यंत जायची वाट होते. मायवरचेसुद्धा. चाल बदलता आली असती. मला ते नळाशी उभं असतानाच सुचलं होतं. त्याला सुचायचं काही कारणच नव्हतं.

काल दुपारी त्याचा फोन आला. जयंती जवळ आलीय, नवी चाल झालीय, ऐक. शेवटचं कडवं मी पाहून घेतो. नाही म्हणायचं हे मी त्या एसटीतच पक्कं केलं होतं, आणि ते तोंडावर आलंही होतं. तेवढ्यात त्यानं पेटीवर सूर धरला. चाल चढत गेली, मध्येच एका अनपेक्षित जागी वळली, आणि त्या वळणावर, मी न बोलावता, एक अख्खी ओळ येऊन उभी राहिली. माझ्याकडे महिनोन्महिने न येणारी ओळ त्याच्या रिकाम्या ‘ना ना रे’मध्ये क्षणात आली, याचा मला संताप आला.

“ऐकून राहिली ना वं?” तो पलीकडून विचारत होता.

ऐकत होते. ओळ चांगली होती. ती त्याला द्यायची की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.