पिवळा दिवा शांत होईपर्यंत

डिझेलच्या पांढऱ्या धुराचा वास आला की मला नायगावच्या चाळीखालची ती जानेवारीतली सकाळ आठवते. दोन वर्षं टाळाटाळ करून आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला एकदाची तयार झाली होती, आणि मी नुकतीच घेतलेली जुनी व्हॅन सुरूच होईना. गारठ्यात ती रोज अशीच रुसायची. नवी बॅटरी घातली, फिल्टर बदलला, तरी तेच. मी चावी फिरवत होतो, इंजिन खोकत होतं, आणि शेजारी बसलेल्या आईचा चेहरा खुलत होता. "राहू दे रे, आज देवाच्या मनात नाय," म्हणत तिने दार उघडलंसुद्धा. मी घामाघूम होऊन पुन्हा चावीला हात घातला, तशी ती सवयीने करवादली, "मेली सदा घाई. तो समोरचा पिवळा दिवा तरी शांत होऊ दे." इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा तो दिवा; विकणाऱ्याने बजावलेलं मी साफ विसरलो होतो आणि तिच्या अधू डोळ्यांना तो दिसला होता. मी थांबलो, दिवा शांत झाला, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. आईने मुकाट्याने दार ओढून घेतलं. "मीच कशाला बोलले," एवढंच ती हॉस्पिटलपर्यंत पुटपुटत होती. आता माझ्या डोळ्यांसाठी डॉक्टर तारीख मागतायत आणि मी रोज कारण शोधतोय. पण हल्लीची गाडी मेली चटकन सुरू होते.