चोळायचा अर्क

ती केस अजून डोळ्यापुढनं हालत न्हाय. माझी शाळा जेमतेम, म्हणून बोलते तसंच लिवते. तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात हवालदार होते.

दुपारी सरकारी दवाखान्यातनं फोन आला. एका मासळीवालीला उलट्या-जुलाबानं आणलेली. तिच्या पोरीनं पिशवीतनं बाटली काढली. "आयचे गुडघे दुखतात, म्हणून हे पीत होती." बाटलीवर हिरवं पान, खाली छापलेलं, 'शुद्ध वनस्पती अर्क, रोज दोन चमचे.' कसली वनस्पती, ते न्हाय.

डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, "उलट्या थांबल्यात, पण मला भरवसा नाही. काही विषं उशिरा मारतात. यात काय आहे ते कळलं तर हिला मुंबईला हलवायची का ते ठरवीन. लवकर बघा."

बाटली काशीदच्या रस्त्यावरच्या दुकानातली. दुकानदाराला उचलला. तो बोलला, माल वरनं येतो. वरनं म्हंजे कुठनं, ते सांगंना. शेजारची शहाळेवाली माझ्या कानाला लागली, "बाय, डोंगरावरच्या वाडीतला म्हातारा त्याला कॅन भरून देतो. माझं नाव घेव नको."

म्हाताऱ्याला जीपनं आणला. साहेबांनी टेबल आपटलं. "काय घातलंस त्यात?" गप्प. "बाई मरंल." गप्प. साहेब बोलले, "लपवतोय. टाका कोठडीत."

मी बोलले, "साहेब, थोडा वेळ मला द्या."

चहा दिला. त्यानं हात लावला न्हाय.

"बाबा, ती दोन चमचे रोज पीत होती."

त्यानं मान वर केली. "पीत? ते चोळायचं हाय. मी त्याला दहांदा सांगितलं."

"बाटलीवर प्यायचं लिवलंय."

"मला कुठं वाचता येतंय."

"मग झाडाचं नाव सांगा."

"न्हाय सांगायचं. नाव फोडलं की औषधाचा गुण जातो. बापानं मरताना दिलं. एकालाच द्यायचं, आन दिल्यावर आपला हात थांबवायचा, पुन्हा कुणाला औषध लावायचं न्हाय."

तेवढ्यात दवाखान्यातनं पोरीचा रडत फोन आला, आयचं अंग गार पडतंय. मी बोलले, "मग मला द्या."

"पोलिसाला?"

"पोलिसाचे गुडघे न्हाय दुखत व्हय?"

तो हसला न्हाय. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग बोलला, "नारळ आण." शिपायानं समोरच्या दुकानातनं आणला. म्हाताऱ्यानं तो माझ्या ओटीत घातला आन कानात बोलला, "कळलावीचा कंद." मग मोठ्यानं, "आता तुझं हाय. कुणाला सांगायचं ते तू बघ."

मी तिथनंच डॉक्टरला फोन लावला. ते बोलले, कळलावी म्हंजे ती लाल-पिवळ्या फुलांची वेल, तिचा कंद पोटात गेला की उशिरा मारणारं विष. त्यांनी लगेच गाडी काढली. मुंबईत बाई कितीतरी दिवस मरणाच्या दारात होती. डोक्यावरचे केस सगळे गळले. पण जगली, केसही परत आले. दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. म्हाताऱ्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला, खाली अंगठा.

आरोपी गप्प बसला की आम्ही धरून चालतो, घाबरलाय न्हायतर लबाड हाय. कधी कधी तो नुसता शब्दाला बांधलेला असतो. त्याला दम देऊन भागत न्हाय, वाट काढून द्यावी लागते.

म्हाताऱ्यानं त्यानंतर कुणाचा गुडघा चोळला न्हाय. लोक काठी टेकत वाडीवर जायचे, तो हात जोडून परत पाठवायचा. त्याचं काय गेलं, ते कुठल्या पंचनाम्यात न्हाय.