चेपॉकला गेले, घसा बसला अंबत्तूरला

तर मुद्दा तोच राहतो, की स्पोर्ट्सवरचे पिक्चर हे स्पोर्ट्स न आवडणाऱ्या लोकांसाठी काढलेले असतात. हे मी ताईला फोनवर सांगितलं, मेसेजवर सांगितलं आणि शेवटी पुण्याहून चेन्नईला जाऊन समोर बसून सांगितलं. तिला पटलं नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, गौरी. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन चेन्नईला गेली, वेस्ट मांबलममध्ये. जीजू श्रीनिवास राव, तंजावर मराठी. म्हणजे त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठीच बोलतात, पण चाल तमिळ, आणि मधूनमधून असे शब्द येतात की आपण मान हलवायची आणि नंतर ताईला विचारायचं. चेपॉकला वनडे मॅच बघायची हे माझं शाळेपासूनचं स्वप्न. तिकीट मिळालं, राहायला ताईचं घर, रजा मिळाली. निघाले.

पुण्याहून ट्रेनला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. थर्ड एसी काढा, वरचा बर्थ घ्या, चार्जर विसरू नका. मी विसरले. सेंट्रलला उतरल्यावर रिक्षावाल्यांकडे बघूसुद्धा नका. समोर पार्क स्टेशन आहे, तिथून तांबरमकडे जाणारी गाडी पकडली की मांबलम. पाच-दहा रुपयांत काम होतं. रिक्षावाला त्याच्या कितीतरी पट सांगतो आणि वर आपल्यालाच समजावतो की तुम्ही लकी आहात.

घरी जीजूंचे वडील होते, अप्पा. बँकेतून रिटायर झालेत. दारातच विचारलं, "जेवलांत की?" सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी म्हटलं, "नाही, आत्ताच उतरले." तर म्हणाले, "मग बसा की," आणि कॉफी, इडली, परत कॉफी.

दुपारी ताईने मला एका स्पोर्ट्स पिक्चरला नेलं. मी विरोध केला होता, हे नोंदवून ठेवते. पिक्चर तमिळ, मला भाषा येत नाही, तरी एक सेकंदही अडलं नाही. कारण सगळं आधीच माहीत असतं. गावातला हुशार पोरगा. दारू पिणारा कोच. चकचकीत बूटवाला व्हिलन कॅप्टन. इंटरव्हलच्या आधी गुडघा मोडणार, नंतर डोंगरावर पळत चढणार. आणि फायनलला आयुष्यात कधी मॅचला न आलेला बाप गर्दीतून पुढे येणार. तो आल्याशिवाय बॉल हवेतून खालीच येत नाही. ताई माझ्या शेजारी हमसून रडत होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, खऱ्या मॅचमध्ये असं काहीही होत नाही."

"म्हणूनच मी खरी मॅच बघत नाही," ताई म्हणाली. "पिक्चरमध्ये निदान कळतं, कोणासाठी रडायचं ते."



दुसऱ्या दिवशी चेपॉक. ताई आली नाही, मी एकटीच गेले. जाणाऱ्यांसाठी सांगते: टोपी घ्या, सनस्क्रीन घ्या, पॉवर बँक आणि पाण्याची बाटली आत नेता येईल असं समजू नका, आणि उन्हातल्या स्टँडचं तिकीट स्वस्त का असतं हे दुपारी दोनला आपोआप कळतं. मैदान मात्र बघतच राहावं असं. समुद्रावरून वारा आला की सगळा स्टँड एकदम "आह" म्हणतो. पहिल्या ओव्हरला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तो घाम नव्हता.

आणि मग लोक उभे राहिले. मॅचसाठी नाही, फोटोसाठी. माझ्या पुढच्या रांगेतल्या ग्रुपने मैदानाकडे पाठ करून इतके सेल्फी काढले की मला विकेट त्यांच्या कानांच्या मधून बघावी लागली. मागून एक काका शांतपणे "उक्कारुंग, उक्कारुंग" म्हणत होते, म्हणजे बसा, बसा. कोणी बसलं नाही. शेजारचा मुलगा फोनवर हीच मॅच बघत होता. मी विचारलं, समोर चालूय ना? तर म्हणाला, "रिप्ले नीट दिसतो." स्पिनर बॉलिंग टाकतोय, चार फील्डर बॅटभोवती उभे आहेत, एवढं भारी टेन्शन, आणि लोक स्क्रीनवर आपला चेहरा दिसावा म्हणून हात हलवतायत. आपली टीम जिंकली. मी आनंदी होते. पण घरी येताना मला आठवलं की पूर्ण मॅचभर मी जेवढं ओरडले त्यातलं एक अक्षरही मैदानात पोचलं नव्हतं.

रविवारी मला मरीना बीचला जायचं होतं, पण जीजूंची मॅच होती.

जीजू बॉल बॅडमिंटन खेळतात. शटल नाही, पिवळ्या लोकरीचा बॉल. एका बाजूला पाच जण, मातीचं कोर्ट, उघड्यावर. हा खेळ तंजावरच्या राजवाड्यात सुरू झाला असं म्हणतात, म्हणजे आपल्या भोसल्यांच्या तिकडच्या शाखेत. मी स्वतःला स्पोर्ट्स फॅन म्हणवते आणि मला हे माहीतच नव्हतं. त्यावर एकही पिक्चर नाही, हे ऐकून माझी उत्सुकता लगेच वाढली.

ताईची नाही. लग्न झाल्यापासून तिचा प्रत्येक रविवार या लोकरीच्या बॉलने खाल्ला होता. ती एकदाही बघायला गेली नव्हती. शेवटी जीजूंनी कबूल केलं होतं की हा सीझन शेवटचा. आणि ही त्या सीझनची शेवटची मॅच. हरले तर त्यांचा क्लब वरच्या ग्रुपमधून खालच्या ग्रुपमध्ये जाणार होता. अप्पा याच क्लबकडून खेळले, त्यांचे भाऊ खेळले. जीजूंना क्लब वरच्या ग्रुपमध्ये ठेवून रॅकेट भिंतीला लावायची होती, बस. त्यांनी ताईला आदल्या दिवशी एवढंच विचारलं, "उद्या तरी येशील?" ती हो म्हणाली.

मॅच अंबत्तूरला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका मैदानावर. जीजू सामान घेऊन बाइकवर पुढे गेले. ताई, अप्पा आणि मी मांबलमहून गाडी, मग सेंट्रलला बदलून दुसरी गाडी, मग शेअर ऑटो. ऑटोत ताई म्हणाली, "याच्यापेक्षा तुझं चेपॉक बरं." रविवार म्हणून कारखाने बंद होते. दोन शेडच्या मध्ये चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेलं कोर्ट, दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, सुंडल म्हणजे फोडणीचे उकडलेले चणे विकणारी एक बाई. आम्ही धरून प्रेक्षक तीसेक. सेल्फी कोणीच काढत नव्हतं. काय सुख.

अप्पा आमच्या मध्ये बसले आणि समजावायला लागले. समोरची टीम अंबत्तूरचीच, सगळी तमिळ पोरं. आपल्या टीमचे कॉल मराठीत. "घे", "सोड", "माझा", "मागे". समोरच्यांना कळू नये म्हणून. अप्पांच्या काळात पाचही जण मराठी होते. आता जीजू धरून दोघंच उरलेत, बाकीचे तमिळ, तरी कॉल तेच.

"तो कार्तिक," अप्पांनी पुढे खेळणारा पोरगा दाखवला, "त्याला मराठीचे चारच शब्द येतात. पण बरोबर येतात."

"सोड म्हणजे बॉल बाहेर चाललाय?" ताईने विचारलं.

"होय. हात लावू नको. आपला आपण पडेल."

पहिली गेम हरले. ताई फोनमध्ये होती. दुसऱ्या गेममध्ये जीजूंनी मागून असा काही फटका मारला की बॉल समोरच्याच्या छातीवर आदळला, आणि ताईने फोन पर्समध्ये ठेवला. "हे चालतं?" तिने विचारलं. चालतं, अप्पा म्हणाले. दुसरी गेम जिंकले.

तिसऱ्या गेमच्या मध्यात पाण्याचा टँकर आला. खरंच. ड्रायव्हरला कोर्टाच्या कडेने रिव्हर्स घ्यायचा होता, म्हणून सगळे थांबले, खुर्च्या उचलल्या, टँकर गेला, परत खुर्च्या मांडल्या. पिक्चरमध्ये टँकर येत नाही. मी हे ताईला सांगणार होते, पण ती खुर्चीवर नव्हतीच. कोर्टाच्या मागच्या रेघेपासून चार पावलांवर, जीजूंच्या पाठीमागे जाऊन उभी होती. पर्स काखेत, दोन्ही हात तोंडावर.

"अप्पा, तिला बोलवा ना मागे," मी म्हटलं.

"असू दे की," अप्पा म्हणाले.

गेम संपत आलेली, स्कोअर बरोबरीत, ओरडून माझा घसा बसलेला. एक पॉइंट गेला, एक आला. मग समोरच्याने उंच, लांब टोलवला. बॉल जीजूंच्या डोक्यावरून मागे चाललेला, आणि खरं सांगते, मला पण बाहेरच वाटला. जीजूंनी रॅकेट उचलली. तेवढ्यात ताई जिवाच्या आकांताने ओरडली, "सोड!"

जीजूंनी सोडला.

दुपार झाली की अंबत्तूरलाही थोडा वारा येतो. लोकरीचा बॉल त्या वाऱ्यात अडकल्यासारखा झाला आणि रेघेवर पडला. अंपायरने हात दाखवला, आत. तो पॉइंट गेला, आणि त्या धक्क्यातून टीम सावरायच्या आत पुढचाही गेला. मॅच संपली. क्लब खाली गेला.

मी डोक्याला हात लावून बसले. अख्ख्या चेपॉकमध्ये हजारो लोक घसा फोडून ओरडतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. इथे दीड वर्षात पहिल्यांदा आलेली बाई एक शब्द बोलते आणि मॅच घालवते.

 कार्तिक रुमालाने मान पुसत ताईजवळ आला. तिच्याशी बोलायला त्याच्याकडे मराठीचे चार शब्द होते. त्यातला एक त्याने निवडला. "अण्णी," म्हणजे वहिनी, तो अगदी आदराने म्हणाला, "घे." म्हणजे तेव्हा सोड नाही, हे ओरडायचं होतं.

अप्पांनी बॉल उचलून आणला आणि सुनेसमोर धरला. पिवळ्या लोकरीत पांढरा चुना अडकला होता. "रेघेचा आहे. बघ."

ताईने बघितलं. डोळे भरलेले होते. "आधीचा असेल," ती म्हणाली. "बॉल बाहेर होता."

बाई अजून रडत होती आणि अंपायरशी भांडायला पण तयार होती. मला तिच्याबद्दल इतका राग आणि इतका अभिमान एकदम कधीच वाटला नव्हता.

जीजू मात्र शांत. सगळ्यांशी हात मिळवून झाले, चपला घातल्या, ताईला म्हणाले, "चल, बाइकवर बस." अप्पा आणि मी परत दोन गाड्या बदलत घरी.

सोमवारी जीजूंनी रजा टाकली आणि आम्ही कोवलमला गेलो, केरळातल्या नाही, चेन्नईजवळच्या. टी. नगरहून बस मिळते. खिडकी डावीकडची घ्या, ईसीआरवर, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडवर, मधूनमधून समुद्र दिसतो. सकाळी लवकर गेलात तर मासळीचा लिलाव बघायला मिळेल. आम्ही उशिरा गेलो, त्यामुळे वाळूवर ओढलेल्या बोटी, जाळी शिवणारी माणसं आणि भरपूर वास. घरचे शाकाहारी, त्यामुळे मासे खायचं माझं दुसरं स्वप्न तिथेच मेलं. लिंबू सोडा प्यायले.

ताई पाण्यात पाय बुडवून पुढे चालत होती. मी जीजूंना गाठलं. "एक विचारू? पाच पुरुषांच्या टीममध्ये बाईचा आवाज आला. तुम्हाला कळलं नाही, तो कॉल टीमचा नाही?"

ते हसले. "सोड ऐकलं की हात थांबतो. लहानपणापासून. कोण म्हणालं ते नंतर कळतं."

"पण कळलं असतं तर?"

"तिने सांगितलं होतं ना, सोड म्हणून," असं म्हणाले. बास. आता हे उत्तर आहे का? खेळाडू असं बोलतो? मी चिडले. ते ताईच्या मागे गेले, आणि मला ऐकू आलं ते असं:

"गौरी, अजून एक सीझन खेळावा लागेल. क्लब खाली टाकून कसं थांबणार?"

"माझ्यामुळे खाली गेला, असं म्हणायचंय तुला?"

"बॉल आत होता."

"बाहेर होता."

मी सोडा संपवला.

पुण्याला परत येऊन आता तीन आठवडे झाले. लोक विचारतात, चेपॉक कसं वाटलं. भारी, एकदा नक्की जा, असं सांगते आणि ते खरंच आहे. पण डोळे मिटले की मला तो मोठा स्टँड दिसत नाही. तो उंच गेलेला पिवळा बॉल दिसतो. खेळ बघणं म्हणजे लांबून बघणं, असं मी धरून चालले होते. फॅनने ओरडावं, खेळाडूने खेळावं, आणि दोघांच्या मध्ये भरपूर अंतर असावं. पिक्चरवाल्यांवर तर मी आणखीनच चिडले आहे, कारण बाप गर्दीतून आला आणि पोरगा हरला, असा पिक्चर कोणी काढत नाही.

ताई आता दर रविवारी प्रॅक्टिसला कोर्टवर असते. टीमने तिला रेघेपासून लांब, अप्पांच्या शेजारची खुर्ची दिली आहे आणि कॉल द्यायला बंदी घातली आहे. ती म्हणते हा अन्याय आहे, कारण बॉल बाहेर होता. मी रोज मेसेजवर भांडते की प्रेक्षकाने गप्प बसावं. आणि रोज मला शंका येते, की तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं. तुम्ही सांगा: आपला माणूस रॅकेट उचलतोय, आणि बॉल बाहेर चाललाय याची तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे. तुम्ही तोंड बंद ठेवलं असतं का?