लांब स्लाइडची पट्टी

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या स्लाइडांना बुरशी धरायला लागली.

ती इंदापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्याकडे दोन भिंगांचा जुना कॅमेरा होता. एका दाबात दोन फोटो निघायचे, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. दोन्ही फिल्म एकाच लांब पुठ्ठ्यात शेजारी बसवल्या की एक स्लाइड व्हायची, ती दुर्बिणीसारख्या डबीतून पाहायची. मग फोटोतला माणूस हात लावावा इतका समोर उभा राहायचा. तो माणूस बहुधा मीच असे. आम्हाला मूलबाळ नव्हतं. उभं करायला तिला दुसरं कोण होतं?

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बारामतीत माझ्या ट्रॅक्टरच्या गॅरेजसमोर फोटो स्टुडिओ होता. तिथल्या मालकानं कॉम्प्युटर आणि फिल्म स्कॅनर आणला होता. बुरशीनं खायच्या आत फोटो उतरवून घ्यावेत म्हणून मी स्लाइडांचा डबा घेऊन गेलो.

"तात्या, हितं साधी चौकोनी स्लाइड बसती," तो म्हणाला. "तुमची दुप्पट लांब हाय. न्हाय जायची."

"ती धरायची लांब पट्टी मी करून आणतो."

"मशीन मोडलं तर?"

"न्हाय मोडत."

पहिली पट्टी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची केली. ती जड झाली. स्कॅनरची मोटर कण्हायला लागली, तसा त्यानं घाईनं बटण बंद केलं. दुसरी प्लॅस्टिकच्या फायलीचा पुठ्ठा कापून केली. तिला दोन खाचा पाडल्या. पहिल्या खाचेत स्लाइड अडकवली की डावा फोटो उजेडासमोर यायचा, दुसऱ्या खाचेत सरकवली की उजवा. तरी फोटो तिरका येई. काडेपेटीचा तुकडा खाली चिकटवला, तेव्हा कुठं सरळ झाला. असल्या कामात आठवडे गेले. मला ते संपायला नको होतं. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

पहिली स्लाइड पळसदेवची निघाली. धरणाच्या पाण्याच्या काठाला मी पँट दुमडून उभा, हातात कोळ्यानं दिलेला मासा. "अहो, हलू नका," असं ती किती वेळ म्हणत होती. डावा फोटो स्वच्छ आला. उजवा पडद्यावर उतरला आणि त्याची एक बाजू गुलाबी धुरकट डागानं भरलेली दिसली. माझा निम्मा चेहरा त्यात गेला होता.

डबीतून दोन्ही डोळ्यांनी बघताना तिथं थोडं धुकं दिसायचं. मी त्याला बुरशीच समजत आलो होतो.

"बोट हाय हे," स्टुडिओवाला म्हणाला. "काकींचं. भिंगापुढं आलंय. काढून टाकू का? कॉम्प्युटरवर निघतंय."

मी पडद्याजवळ वाकून ते बोट बघितलं. तिचा फोटो म्हणजे लग्नातला एक आणि शाळेच्या ओळखपत्रावरचा एक. कॅमेरा कायम तिच्याच हातात. मला द्यायचीच नाही, म्हणायची, तुमचे हात ग्रीसचे.

"राहू दे," मी शेवटी म्हणालो. "ह्याचीच प्रत काढ. उजव्याची."

"तात्या, ह्यात तुमी अर्धेच दिसताय."

"व्हय."

त्यानंतर मी प्रत्येक स्लाइड आधी दुसऱ्या, उजव्या फोटोच्या खाचेत घालायला लागलो. डबा संपेपर्यंत बोट आणखी दोनदाच आलं.

ती प्रत फ्रेम करून पुढच्या खोलीत लावली. घरी फारसं कुणी येत नसे. एकदा निमगाव केतकीचे एक गिऱ्हाईक सुटा भाग न्यायला आले. फोटोकडं बघत म्हणाले, "खराब आलाय की वो फोटो."

मी चहा ठेवायला आत गेलो.